लागलं तर जाशील?

आषाढी उरकली की पंढरपूर आठवडाभर अंग टाकून पडलेलं असतं. काला होऊन दिंड्या परतलेल्या असतात, प्रदक्षिणा रस्त्यावरच्या दुकानांतली चुरमुऱ्यांची पोती मागच्या खोलीत गेलेली असतात, नदीच्या वाळवंटात झाडलोट चाललेली असते. गावाला उसंत मिळते आणि माझ्या ओट्यावर गर्दी सुरू होते. मी इथल्या एका ज्युनियर कॉलेजात अठरा वर्षं गणित शिकवते. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे सीईटीचा निकाल लागतो, कागदपत्रं तपासून होतात, मेरिट लिस्ट येते आणि हवी ती कॉलेजं पसंतीच्या क्रमानं लिहायचा ऑप्शन फॉर्म उघडतो. मग मुलं येतात. कुणाच्या हातात मोबाईल, कुणाच्या हातात सायबर कॅफेतून छापून आणलेली कटऑफची, म्हणजे गेल्या वर्षी कुठं कितव्यावर प्रवेश थांबला त्या आकड्यांची चळत, कुणाच्या मागे दाराशीच चप्पल काढून उभे राहिलेले वडील. प्रश्न एकच असतो. "मॅडम, लागेल का?"

नंबर लागतो, कॉलेज लागतं, नोकरी लागते. तसंच ऊन लागतं, ठेच लागते, दृष्ट लागते. करणारा कुणी दिसत नाही, आपल्याला ते लागून जातं. सतरा-अठरा वर्षांचं पोर "लागेल का" म्हणून विचारतं तेव्हा त्या वाक्यात ते स्वतः कुठंच नसतं. त्याला त्या वाक्यात आणून बसवता आलं तर बघावं, म्हणून मी दर जुलैत ओटा मोकळा ठेवते.

२०२५ च्या जुलैअखेरीस एक मुलगी आली. भीमेकाठच्या गावातली, माझ्याच वर्गातली, मागच्या बाकावर बसून कमी बोलणारी. फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सच्या पीसीएम ग्रुपला ९४.६ पर्सेंटाईल. बरोबर वडील होते. चहा दिला तर ते ओट्याच्या कडेवर बसूनच प्यायले. म्हणाले, "आमाला काय कळतंय मॅडम त्यातलं. तुमी म्हनाल तसं." पोरीनं दप्तरातून एक कागद काढला. तालुक्यातल्या एका क्लासनं पैसे घेऊन बनवून दिलेली यादी. चौदा पर्याय, चौदाही पुण्याचे. कॉम्प्युटर, आयटी, एआय, पुन्हा कॉम्प्युटर. प्रत्येकासमोर गेल्या वर्षीचा कटऑफ हिरव्या पेनानं लिहिलेला, आणि खाली "चान्सेस गुड" असा शेरा.

मी मूळ कटऑफची पानं उघडली. ज्यांनी ती पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेचा एक तक्ता असतो. वर कोडं असतात : जीओपनएच, जीओपनओ, एलओबीसीएच, एलओबीसीओ. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग. आणि शेवटचं अक्षर, ज्यावर कुणाची नजर ठरत नाही, ते सांगतं की ही जागा कुणाची. एच म्हणजे त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांची, ओ म्हणजे हद्दीबाहेरच्यांची, एस म्हणजे राज्यभराची. घरच्यांना सत्तर टक्के, बाहेरच्यांना तीस. पंढरपूरची बारावी झालेलं पोर सोलापूर विद्यापीठाच्या हद्दीतलं. पुण्यातल्या बहुतेक कॉलेजांत ते बाहेरचं.

त्या हिरव्या पेनानं चौदाही आकडे एचच्या रकान्यातून उचलले होते.

मी पट्टी घेतली, एक रकाना उजवीकडे सरकवली आणि ओचे आकडे तिला एकेक करून वाचायला सांगितले. ती वाचत गेली. चौथ्या-पाचव्या ओळीला तिचा आवाज बारीक झाला. चौदापैकी तिच्या नंबराला टेकेल असा एकच पर्याय उरला, तोही जेमतेम. वडिलांना रकाने कळले नसतील, पण लेकीचा आवाज कळला. त्यांनी कपबशी खाली ठेवली.

अशा वेळी शांतपणे आकड्यांकडं वळणं बरं. तिला म्हटलं, आधी तू नेमकी कुठं उभी आहेस ते बघू. ९४.६ पर्सेंटाईल म्हणजे ९४.६ टक्के मार्क नव्हेत. परीक्षेला बसलेल्या दर शंभरांतली साडेचौऱ्याण्णव मुलं तुझ्या मागं किंवा बरोबरीनं आहेत, असा त्याचा अर्थ. यंदा पीसीएमला चार लाखांवर मुलं बसली. म्हणजे एका पर्सेंटाईलमध्ये चार हजारांवर डोकी. दशांश चिन्हापुढचं पहिलं घर एकानं हललं तरी चारशे मुलं इकडची तिकडं होतात. निकालपत्रावर दशांशापुढं सात आकडे असतात ते उगाच नाहीत. म्हणून पर्सेंटाईल पर्सेंटाईलशी ताडून बघू नये. तक्त्यात कंसातल्या पर्सेंटाईलच्या वर जो मेरिट नंबर छापलेला असतो, तो बघावा. गेल्या वर्षी त्या दारातून शेवटचं जे पोर आत गेलं, ते रांगेत कितवं उभं होतं, हे तो नंबर सांगतो. रांगेत आपण कुठं आहोत हे आपल्याला ठाऊक असतं. मग अंतर मोजता येतं.

तेही एका वर्षाचं मोजून भागत नाही. मी तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडायला लावते, जागावाटपाच्या पहिल्या राऊंडचे वेगळे, शेवटच्या राऊंडचे वेगळे. एखाद्या शाखेचा नंबर तीन वर्षांत दोन हजारांच्या आतबाहेर हलला असेल आणि आपण पाच हजारांनी पुढं असलो तर ते दार उघडं समजावं. आपण पाच हजारांनी मागं असलो तर बंद. आणि आपलं अंतर त्या हलण्याइतकंच असेल तर कुणीही छातीठोक सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्यापासून सावध राहावं. नंबर हलायला कारणंही खरी असतात. २०२४-२५ पासून एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, चांगल्या चाललेल्या कॉलेजांच्या प्रवेशसंख्येवरची कमाल मर्यादा काढली आणि कित्येक ठिकाणी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. जागा वाढल्या की जुना कटऑफ शिळा होतो. जेईईतून आयआयटी-एनआयटीला जाणारी मुलं यादीतून निघतात तशी खालची रांग सरकते, म्हणून शेवटच्या राऊंडचा आकडा पहिल्यापेक्षा सैल असतो. हे सगळं पाहिल्यावर मनाशी अंदाज बांधायचा, आणि तो अंदाज आहे हे विसरायचं नाही.

इथं तिनं एक प्रश्न विचारला, आणि तो मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. "मॅडम, अर्धवट चान्स असलेली भरपूर कॉलेजं टाकली तर एखादं तरी लागेलच की."

मी खडू आणला. ओट्याला शहाबादी फरशी आहे, तिच्यावर छान उमटतं. तीन कॉलेजं, प्रत्येकाची शक्यता एक तृतीयांश. तिन्ही हुकण्याची शक्यता दोन तृतीयांश गुणिले दोन तृतीयांश गुणिले दोन तृतीयांश, म्हणजे आठ सत्तावीसांश. म्हणून एक तरी लागण्याची शक्यता एकोणीस सत्तावीसांश, सत्तर टक्के. बारावीच्या पुस्तकातलं गणित. तिनं मान डोलावली. मग विचारलं, हे गणित कधी लागू पडतं? ती जरा थांबून म्हणाली, "घटना स्वतंत्र असतील तर." बरोबर. पण इथं त्या स्वतंत्र आहेत का? तीन कॉलेजं तुला तीन वेगवेगळ्या परीक्षा घेऊन पारखणार नाहीत. तिन्हीकडं जाणारा तुझा नंबर एकच आहे. यंदा पुढं गर्दी जास्त असली तर ती तिन्ही दारांवर एकदमच असणार.

तिच्या वडिलांकडं वळून म्हटलं, उजनीतून पाणी सोडलं की काठाचं एकच रान बुडतं का हो? ते म्हणाले, "न्हाई. एका पातळीला असली तर समदीच बुडत्यात." मग एखाद्याला तीन रानं घ्यायची झाली तर? "एक तरी उचावर घ्यावं." मी पोरीकडं पाहिलं. तिला उमगलं होतं. एकाच कटऑफची दहा कॉलेजं लिहिणं म्हणजे एकाच पातळीवरची दहा रानं. यादी लांब दिसते, पण आधार वाढत नाही. आधार हवा असेल तर उतरत्या कटऑफचे पर्याय हवेत; कटऑफ जितका कमी, तितकं रान उचावर.

हा भाग शिकवता येतो. अवघड असतो तो पुढचा. तिला विचारलं, कटऑफ बाजूला ठेव. यातलं काहीही मिळेल असं कुणी म्हटलं तर तू काय घेशील?

ती गप्प. मुलं इथं हमखास गप्प होतात, कारण दोन वर्षं त्यांना हे कुणी विचारलेलंच नसतं. वडील काही बोलणार होते, त्यांना मी हातानं थांबवलं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "इलेक्ट्रिकल." लगेच पुढं, "पण सगळे म्हणतात कॉम्प घे."

का इलेक्ट्रिकल? मग तिनं सांगितलं. त्यांच्या शिवारातला डीपी दर उन्हाळ्यात जळतो. वस्तीवरची सगळी मिळून वर्गणी काढतात, कुणीतरी ट्रॅक्टर काढतं, जळका ट्रान्सफॉर्मर लादून नेतात, दुसरा यायला आठ-पंधरा दिवस जातात आणि तोवर ऊस करपतो. लाईट रात्रपाळीची असली की वडील दोनला उठून मोटर चालू करायला जातात आणि ती बॅटरी धरून बरोबर. नववीत असताना वायरमनला तिनं विचारलं होतं, हा का जळतो? तो म्हणाला, लोड जास्त झाला. तिनं विचारलं, मग मोठा का नाही बसवत? त्याच्याकडं उत्तर नव्हतं. "मला ते काढायचंय," ती म्हणाली. दोन वर्षांत तिला एवढं सलग बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

माझ्या थोरल्याचा फॉर्म मी भरला होता, ते तेव्हा आठवल्याशिवाय राहिलं नाही.

ते २०१९ साल. सीईटी पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर झाली होती, पर्सेंटाईल नवीन होतं, लोक गोंधळलेले होते. मी गणिताची बाई, माझ्याकडं सगळे विचारायला यायचे. माझ्या मुलाची यादी मी कटऑफच्या उतरत्या क्रमानं लावली. सगळ्यात जास्त कटऑफ ते सगळ्यात वर, त्याहून कमी ते खाली. कॉम्प्युटर, मग आयटी, मग ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन. मला ते इतकं सरळ वाटलं की त्यात काही निवडतोय असं वाटलंसुद्धा नाही. तो मामाच्या गावी सुट्टीत ट्रॅक्टरच्या इंजिनाखालून बाहेर निघायचा नाही, ग्रीसनं माखलेले हात घेऊन जेवायला यायचा. फॉर्म भरताना त्यानं एकदाच विचारलं, "आई, मेकॅनिकल वर घेऊ का?" मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, "कटऑफ बघ ना." त्यानं पुन्हा विचारलं नाही. यादीतला चौथा पर्याय लागला, पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात आयटी. शिकला, पास झाला, आज हिंजवडीत नोकरीला आहे, चांगलं चाललंय त्याचं. हे सगळं खरं आहे आणि त्याबद्दल मला समाधानही आहे. पण तो एकदाच विचारलेला प्रश्न माझ्या कानातून गेलेला नाही.

कटऑफ ही काय चीज आहे, हे मला त्यानंतर नीट कळत गेलं. गेल्या वर्षी किती मुलांना कुठली शाखा हवीशी वाटली, याची ती मोजणी आहे. ती शिकवण्याची नाही, शिकणाऱ्याचीही नाही. पुण्याच्या सीओईपी या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजाला १८५४ चा वारसा आहे, तसंच व्हीजेटीआय १८८७ पासून मुंबईत उभं आहे, त्यांचं नाव पिढ्यान् पिढ्या कष्टानं झालेलं आहे, आणि पोरांनी त्यांचं स्वप्न पाहिलं तर ते रास्तच आहे. पण त्याच सीओईपीत कॉम्प्युटरचा सर्वसाधारण कटऑफ ९९.९ च्या वर असतो आणि सिव्हिलचा त्याच्या कितीतरी खाली. आवार तेच, ग्रंथालय तेच. फरक असतो तो त्या वर्षीच्या मुलांच्या ओढ्याचा. लोकांची ओढ आपल्या यादीत उतरवायची आणि तिला आपली म्हणायची, हे मी केलं होतं.

आणि गंमत म्हणजे त्या क्रमानं फायदाही काही नसतो. यंत्र कसं वाटप करतं ते पोरांना समजावून सांगावं लागतं. ते मेरिटच्या क्रमानं चालतं. तुझा नंबर आला की तुझी यादी वरून वाचायला घेतं. पहिली जागा शिल्लक आहे? नाही. दुसरी? नाही. तिसरी? आहे, ही घे. आणि तिथंच थांबतं. म्हणजे वर अशक्यातली अशक्य जागा लिहिली तरी काही जात नाही, यंत्र ती ओलांडून पुढं येतं. पण मनातली जागा खाली आणि नकोशी वर लिहिली, तर नकोशी मिळाल्यावर यंत्र मनातलीपर्यंत पोचतच नाही. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉईड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी मुलं आणि कॉलेजं यांच्या जुळणीवर एक छोटासा लेख लिहिला. त्या विचारातून पुढं जे शास्त्र उभं राहिलं त्यासाठी शॅप्लींना २०१२ मध्ये ऑल्विन रॉथ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल तोवर हयात नव्हते. त्या गणितातली एक गोष्ट मी पोरांना सांगते : जुळणी नीट रचलेली असेल तर खरा पसंतीक्रम लिहिणाऱ्याचं त्यामुळं नुकसान होत नाही. शक्यतेचा विचार करून क्रम फिरवायची गरजच नसते. शक्यता बघायची ती यादीत काय काय घ्यायचं आणि किती खालपर्यंत जायचं यासाठी. वर-खाली ठरवायचं ते फक्त मनानं.

२०२५ पासून मात्र यात एक गाठ आली आहे आणि ती नीट समजून घ्यावी लागते. राऊंड तीनचे चार झाले. पहिल्या राऊंडला पहिला पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या राऊंडला पहिल्या तिनांतला कुठलाही लागला तर तो पक्का. तिसऱ्याला पहिल्या सहांतला. याला पोरं ऑटो फ्रीज म्हणतात. पक्का झाला की वरच्यासाठी थांबता येत नाही. म्हणून पहिल्या सहा जागा भरताना मी पेन हातातून खाली ठेवायला लावते. त्या सहांत उगाच शोभेला लिहिलेलं, मामेभावानं सांगितलं म्हणून लिहिलेलं, अर्ध्या मनानं लिहिलेलं काही असू नये. फॉर्ममध्ये तीनशे पर्याय भरता येतात, पण त्या तीनशेंपेक्षा हे सहा जड असतात.

तर त्या दिवशी आम्ही कोरा कागद घेतला. सगळ्यात वर तिनं सीओईपीचं इलेक्ट्रिकल लिहिलं. लिहिताना माझ्याकडं चोरून पाहिलं. मी म्हटलं, लिही. त्याखाली राज्यातल्या सरकारी आणि अनुदानित कॉलेजांची इलेक्ट्रिकल, तिच्या मनाच्या क्रमानं. वडिलांनी मधेच विचारलं, लांबचं असलं तर खर्चाचं काय? जुलै २०२४ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून, म्हणजे या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या जागेची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. पोरगी ओबीसी, उत्पन्नाचा दाखला आहे, नॉन-क्रिमिलेअर आहे. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. चौदा कॉलेजांची यादी पैसे घेऊन देणाऱ्यानंही नाही. ते काही बोलले नाहीत, खिशातून रुमाल काढून नुसतं तोंड पुसलं. मग म्हणाले, "मेस आनि रूमचं आमी बघू." माफी हॉस्टेलला नाही, हे मी त्यांना तिथंच सांगितलं, कारण पुढं सप्टेंबरात ते कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

मग मधला भाग, जिथं तिचा नंबर आणि गेल्या तीन वर्षांचे नंबर एकमेकांत मिसळतात. तिथं आम्ही सर्वांत जास्त पर्याय घेतले. आणि शेवटी तळाचा भाग. इथं लोक घाई करतात. थकलेले असतात, "टाका काहीतरी सेफ" म्हणून पाच-सहा नावं भरतात आणि लॉक करतात. एक मुलगा मला आठवतो, बऱ्याच वर्षांपूर्वीचा. तळाला असंच घातलेलं कॉलेज त्याला लागलं. तो गेला नाही. घरी बसला. वर्ष गेलं, मग पुढचंही अर्धं गेलं. त्या कॉलेजाचं नाव मी यादीत लिहिलं नव्हतं, तरी त्या पोराच्या यादीवर पट्टी धरणारा हात माझा होता.

तेव्हापासून तळाच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मी एकच विचारते. हे लागलं तर जाशील? रोज सकाळी उठून, चार वर्षं?

तिनं पहिल्या नावाला हो म्हटलं. ते सोलापूरचं. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, खोली नको, रोज जाऊन-येऊन करता येईल, असा हिशेब तिनंच मांडला. दुसऱ्याला हो. तिसऱ्यापाशी थांबली. "शाखा कुठली हाय मॅडम ती?" टेक्सटाईल. तिनं विचार केला आणि रेघ मारली. त्याच्याखालच्या दोघांवरही मारली. अजून एकावर मारली, मग ती खोडून ते नाव पुन्हा लिहिलं. "हितं माझी मैत्रीण जातीय. हितं जाईन." तळाला चारच नावं उरली, पण चारही तिची होती, आणि त्यांतली दोन तरी नक्की मिळतील एवढ्या उचावरची होती. एकूण एकतीस पर्याय. कागदाच्या कोपऱ्यात तिनं बारीक अक्षरात तारीख घातली.

वडील उठले तेव्हा काळोख पडत आला होता. जाताना म्हणाले, "मॅडम, लागंल का मग?" मी काही बोलायच्या आत पोरगी म्हणाली, "लागंल ते आपुन लिवलेलं लागंल, बापू."

पहिल्या राऊंडला तिला बारावा पर्याय मिळाला. एक हजार रुपये भरून जागा राखली आणि थांबली. त्या दिवशी फोनवर तिचा आवाज बरा होता, कारण बारावंसुद्धा इलेक्ट्रिकलच होतं. दुसऱ्याला आठवा. तिसऱ्या राऊंडला पाचवा, सरकारी कॉलेजात, आणि पहिल्या सहांतला म्हणून तिथंच पक्का झाला. ती पेढे घेऊन आली तेव्हा आम्ही नवे कटऑफ उघडून बसलो. तिसऱ्या नंबरचं कॉलेज थोडक्यानं गेलं होतं. मला वाटलं हिरमुसेल. तिनं तो आकडा बोटानं नीट दाखवून वडिलांना सांगितला. "बघा, इतकं जवळ होतं. मी लिवलं नसतं तर कळलंच नसतं."

गणपतीला थोरला घरी आला. आरास करायला माळ्यावरचं सामान काढताना माझ्या टेबलावर त्या मुलीचा कच्चा कागद त्याला दिसला, रेघा मारलेला, कोपऱ्यात तारीख असलेला. तो तिथंच उभ्यानं वाचत राहिला. मी स्वयंपाकघरात मोदकाचं सारण परतत होते. तो दारात येऊन म्हणाला, "आई, माझी यादी आहे का गं अजून?"

होती. त्याच्या दहावी-बारावीच्या मार्कलिस्टांबरोबर लोखंडी कपाटातल्या फाईलमध्ये, २०१९ ची, प्रिंट जराशी फिकी पडलेली. मी गॅस बारीक केला आणि काढून दिली. तो जेवणाच्या टेबलाशी बसला, भावाच्या कंपासमधली पेन्सिल घेतली आणि प्रत्येक ओळीच्या डाव्या अंगाला नवा आकडा घालत गेला. पहिला घातला तो पार खाली, सतराव्या ओळीसमोर. मेकॅनिकल, सांगली. कुठंही अडला नाही. मी सारणात वेलदोडा घालून परत वळले तेव्हा त्याचे सगळे आकडे घालून झाले होते.